कॉम्प्रेसर बदलण्याआधी त्याच्या पिनांवर पोचणारी लाइट मोजा

प्रश्न थोडक्यात असा आहे. कोल्हापूरजवळच्या वडणगे गावालगत मळ्यात घर. १९० लिटरचा एकदारी फ्रिज, सहा वर्षं जुना. पंधरवड्यापासून दार उघडलं की आतला दिवा लागतो, पण कॉम्प्रेसर धरत नाही. मागून आठ-दहा सेकंद घुर्र आवाज येतो, मग ‘टिक’ होऊन सगळं शांत. तीन-चार मिनिटांनी पुन्हा तेच. पहाटे मात्र कधी कधी व्यवस्थित चालू होतो. मिस्त्रींनी कॉम्प्रेसरला हात लावून, ‘तापलाय, जळाला, बदलावा लागेल’ असं सांगितलंय. बदलायचा का?

एवढ्यावर बदलू नका. जाम झालेला कॉम्प्रेसर पहाटेही जामच असतो. पहाटे चालतो आणि संध्याकाळी अडतो, याचा अर्थ यंत्र फिरायला तयार आहे, त्याला फिरवायला लागणारा जोर काही वेळा पोचत नाही. तापण्याचं म्हणाल, तर चालू फ्रिजचा कॉम्प्रेसर धडधाकट असतानाही हात ठेववणार नाही इतका तापतो. आणि अडकून घुरघुरणारा तर नक्कीच तापणार. हाताला लागणाऱ्या उष्णतेवरून तो जळाला की नाही हे कुणालाच ठरवता येत नाही.

घुर्र आणि टिक यांमध्ये आत काय घडतं ते आधी समजून घ्या, म्हणजे पुढची मोजमापं कशासाठी ते लक्षात येईल. साध्या कॉम्प्रेसरच्या मोटरमध्ये दोन वाइंडिंग असतात, रन आणि स्टार्ट. नुसत्या रन वाइंडिंगवर मोटर जागची हलत नाही, तिला सुरुवातीला स्टार्ट वाइंडिंगचा धक्का लागतो. तो देण्याचं काम पीटीसी रिले करतो. त्यात नाण्याएवढी एक सिरॅमिकची चकती असते. थंड असताना तिचा रेझिस्टन्स पंधरा ते पस्तीस ओहमच्या आसपास असतो, त्यामुळे स्टार्ट वाइंडिंगला करंट मिळतो. एका सेकंदाच्या आत चकती तापते, रेझिस्टन्स हजारो ओहमवर जातो आणि स्टार्ट वाइंडिंग जवळपास तुटतं. तेवढ्या वेळात मोटर फिरली तर फिरली. नाही फिरली, तर रन वाइंडिंग सहा ते दहा अँपिअर ओढत नुसतं घुरघुरतं. दोन्ही वाइंडिंगच्या सामाईक, म्हणजे कॉमन, पिनेवर बसवलेला ओव्हरलोड, म्हणजे ओएलपी, त्या करंटने तापतो आणि उघडतो. तीच तुमची ‘टिक’. म्हणजे टिक आवाज हा बिघाड नाही, वाइंडिंग जळू नये म्हणून केलेली राखण आहे. म्हणूनच ओएलपी बायपास करून फ्रिज चालवून देणारा कुणी भेटला तर त्याला हात लावू देऊ नका. एका दुपारीत चांगला कॉम्प्रेसर खरोखर जळेल.

आता जोराचा हिशोब. अशा मोटरचा सुरुवातीचा जोर व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात बदलतो. २३० ऐवजी १८० व्होल्ट मिळाले, तर व्होल्टेज बावीस टक्क्यांनीच कमी दिसतं, पण जोर साधारण एकसष्ट टक्केच उरतो. मळ्यातल्या घरांना हा त्रास जास्त होतो, कारण डीपी, म्हणजे ट्रान्सफॉर्मर, लांब असतो आणि त्याच डीपीवर उसाच्या मोटारी असतात. थ्री-फेज लाइट आली आणि आजूबाजूच्या मोटारी सुरू झाल्या की घरातलं व्होल्टेज बसतं. रात्री उशिरा किंवा पहाटे मोटारी बंद असल्या की ते वर येतं.

आणि एकदा सुरुवात हुकली की पुढच्याही हुकत जातात. ओएलपी काही मिनिटांत थंड होऊन पुन्हा जुळतो, पण पीटीसीची चकती आणि तिच्याभोवतीचं प्लॅस्टिक तोवर पुरतं थंड झालेलं नसतं. अर्ध्या गरम चकतीतून स्टार्ट वाइंडिंगला पुरेसा करंट जात नाही, धक्का कमी पडतो, मोटर पुन्हा अडते. अशा वेळी तपासायचं असेल तर प्लग काढून निदान पंधरा-वीस मिनिटं थांबा आणि मगच एक स्वच्छ प्रयत्न मोजा. लागोपाठच्या पाचव्या प्रयत्नाचं वाचन कशाचंच निदान करत नाही.

लाइट जाऊन लगेच येते, तेव्हाही असंच होतं. कॉम्प्रेसर बंद पडला की कंडेन्सरकडचं, म्हणजे मागच्या जाळीकडचं, आणि कूलिंग कॉइलकडचं प्रेशर कॅपिलरीच्या बारीक नळीतून हळूहळू समान होतं. त्याला तीन ते पाच मिनिटं लागतात. त्याआधी मोटरने जोर लावला तर तिला भरलेल्या प्रेशरविरुद्ध उठावं लागतं, आणि ते तिला जमत नाही. पावसाळ्यात वाऱ्याने तारा हलून लाइट दहा सेकंदांसाठी जाते-येते, त्या दिवसांत अशा तक्रारी वाढतात त्या याचमुळे.

आता मोजायचं कसं. वायरमन सॉकेटमध्ये मीटर घालून ‘२२० आहे की’ म्हणतो आणि विषय संपवतो. फ्रिज बंद असताना घेतलेलं ते वाचन जवळपास निरुपयोगी आहे. कारण साधं आहे. समजा वाटेत कुठे तीन ओहमचा सैल जोड आहे. काहीच लोड नसताना त्यावर व्होल्टेज पडत नाही, मीटर पूर्ण २२० दाखवतो. चालू फ्रिज एक अँपिअरच्या आसपास घेतो, तेव्हा तीन व्होल्ट पडतात, तेही कुणाच्या लक्षात येत नाहीत. पण सुरू होताना आठ अँपिअर लागले की त्याच जोडावर चोवीस व्होल्ट जातात आणि जवळपास दोनशे वॉट उष्णता तिथेच तयार होते. चांगल्या फिटिंगशी तुलना करून बघा: दीड चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर, मेनपासून बोर्ड वीस मीटरवर, जाऊन-येऊन चाळीस मीटर, रेझिस्टन्स अर्धा ओहमही नाही. आठ अँपिअरला जेमतेम चार व्होल्ट पडायला हवेत. सुरू होताना मीटरचा आकडा दहा-पंधरा व्होल्टांहून जास्त खाली येत असेल, तर वाटेत कुठेतरी जोड तापतोय किंवा पुरवठाच दुबळा आहे.

हे वाचन तीन ठिकाणी घ्यायचं: मेन स्विचजवळ, फ्रिजच्या बोर्डावर आणि कॉम्प्रेसरच्या रिलेवर. घरच्या माणसाने फक्त बोर्डापर्यंत जावं, तेही त्याच बोर्डावरच्या शेजारच्या सॉकेटमध्ये मीटर लावून. रिलेवरचं वाचन चालू लाइटमध्ये घ्यावं लागतं. ते जाणकाराचं काम. पायात रबरी चप्पल, जमीन कोरडी, प्रोबला क्रोकोडाइल क्लिप लावून आधी जोडणी करायची आणि मग प्लग लावायचा. जमलं तर मीटर ‘मिन-मॅक्स’वर ठेवा, कारण सर्वांत खालचा आकडा क्षणभरच दिसतो.

मेनवर सुरू होताना २१८ राहिले, बोर्डावर २१४ आणि रिलेवर १८८ आले, तर दोष बोर्ड आणि कॉम्प्रेसर यांच्यामध्ये आहे. सॉकेटची पितळी पाती सैल होते, प्लगची पिन काळी पडते, थर्मोस्टॅटचा कॉन्टॅक्ट जळतो, किंवा खाली कॉम्प्रेसरजवळचा लग, म्हणजे वायरच्या टोकाची धातूची टोपी, गंजतो. थर्मोस्टॅट पकडायची युक्ती अशी: तो ‘ऑन’ असताना त्याच्या दोन टर्मिनलांमध्येच व्होल्टेज मोजायचं. जुळलेल्या कॉन्टॅक्टवर जवळपास शून्य यायला हवं. सुरू होताना तिथे आठ-दहा व्होल्ट दिसले तर थर्मोस्टॅट बदला.

याउलट मेनवरच २१८ चे १८० होत असतील, तर फ्रिज उघडून काही उपयोग नाही. दोष मीटरच्या जोडात, सर्व्हिस वायरमध्ये, खांबावर किंवा डीपीकडे आहे. घरातले सगळे दिवे त्याच क्षणी मंदावतात का ते बघा. आणि एखादा दिवा मंदावण्याऐवजी उजळ होत असेल, तर ताबडतोब मेन बंद करा. न्यूट्रल सुटत असल्याची ती खूण आहे, आणि न्यूट्रल पूर्ण सुटला की सिंगल फेजच्या घरात व्होल्टेज तीनशेच्या पुढेही जाऊ शकतं. तशात फ्रिजच्या सर्किट बोर्डापासून टीव्हीपर्यंत सगळं जातं.

न्यूट्रलबाबत आणखी एक फसवणूक सांगतो. निऑनचा टेस्टर फक्त फेज आहे की नाही एवढंच दाखवतो. न्यूट्रल तुटलेला असला तरी टेस्टर छान पेटतो, आणि ‘लाइट आहे, म्हणजे कॉम्प्रेसरच गेला’ असा निष्कर्ष निघतो. तुमच्या फ्रिजमध्ये दिवा लागतो म्हणून न्यूट्रल पूर्ण तुटलेला नाही हे नक्की. पण त्यापलीकडे तो दिवा काही सांगत नाही. आतला एलईडी दिवा खूप कमी व्होल्टेजवरही लागतो, आणि त्याची वायर थर्मोस्टॅटच्या आधीच वेगळी होते. शंभर वॉटचा जुना काचेचा बल्ब टेस्ट लॅम्प म्हणून लावला तर टेस्टरपेक्षा खरं कळतं.

स्टॅबिलायझर असेल तर तो काढून एकदा तपासणं भागच आहे, मात्र भिंतीवरचं व्होल्टेज २०५ ते २४० मध्ये असतानाच. लहान स्टॅबिलायझरचा ट्रान्सफॉर्मर सुरुवातीच्या आठ अँपिअरला दबतो: डिस्प्ले २३० दाखवतो, प्रत्यक्षात त्या क्षणी आउटपुट बरंच खाली गेलेलं असतं. आतले रिले सारखे खटखट करत टप्पे बदलत असतील, तर कॉम्प्रेसरला प्रत्येक वेळी क्षणभर लाइट जाऊन आल्यासारखं होतं. घ्यायचाच असेल तर सुमारे तीन मिनिटांचा टाइम डिले असलेला घ्या आणि तो डिले बंद करून ठेवू नका. घरगुती इन्व्हर्टरवर फ्रिज लावणाऱ्यांसाठीही एक आकडा: २३० गुणिले आठ म्हणजे १८४० व्होल्ट-अँपिअर. आठ-नऊशेच्या इन्व्हर्टरला ही सुरुवात पेलत नाही, आणि स्क्वेअर वेव्हवर मोटर घुमते व जास्त तापते.

पुरवठा ठीक निघाला की मगच रिले. प्लग काढा, रिलेवरचं कव्हर क्लिपने निघतं, रिले सरळ ओढून पिनांवरून उतरवा. आधी जोडणीचा फोटो काढून ठेवा. कानाजवळ हलवला आणि आत खुळखुळ वाजलं, तर चकती फुटली आहे. जळका वास, काळे डाग, वितळलेलं प्लॅस्टिक, हे सगळं बदलण्याचंच लक्षण. वाजत नसेल तर पूर्ण थंड झाल्यावर स्टार्ट आणि रनच्या भोकांमध्ये ओहम मोजा. पंधरा ते पस्तीसच्या आसपास आलं तर बरा, शेकड्यात किंवा ओपन आलं तर गेला. नवा घेताना जुन्याच्या अंगावरचा नंबर जुळवून घ्या. ओएलपीही कॉम्प्रेसरच्या क्षमतेप्रमाणेच लागतो. मोठ्या क्षमतेचा बसवला तर टिक आवाज थांबतो खरा, पण राखणही थांबते. ‘कुठल्याही फ्रिजला चालतो’ म्हणून विकला जाणारा, रिले, ओएलपी आणि कॅपॅसिटर एकत्र असलेला थ्री-इन-वन किट मला पसंत नाही. त्याने थकलेला कॉम्प्रेसर काही दिवस ओढला जातो आणि मूळचा दोष झाकला जातो.

रिले उतरवलेलाच आहे तर लगेच वाइंडिंग मोजून घ्या. तीन पिना: कॉमन, स्टार्ट, रन. सर्वांत कमी आकडा कॉमन आणि रनमध्ये, मधला कॉमन आणि स्टार्टमध्ये, आणि सर्वांत मोठा स्टार्ट आणि रनमध्ये. मोठा आकडा हा आधीच्या दोघांची बेरीज यायलाच हवा. उदाहरणार्थ १४, २१ आणि ३५. मॉडेलप्रमाणे आकडे बदलतील, बेरीज बदलणार नाही. गरम कॉम्प्रेसरवर वाचन जास्त येतं: तांब्याचा रेझिस्टन्स दर अंशाला सुमारे ०.४ टक्के वाढतो, म्हणजे पन्नास अंश जास्त तापलेल्या वाइंडिंगवर १४ चे जवळपास १७ दिसतील. आणि काही कॉम्प्रेसरमध्ये ओव्हरलोड आतच असतो. तो तापून उघडलेला असला की कॉमनकडून दोन्ही वाचनं ओपन येतात, पण स्टार्ट-रन मात्र बरोबर येतं. असं दिसलं तर दोन तास थांबून पुन्हा मोजा. घाईत इथेच चांगले कॉम्प्रेसर भंगारात गेलेत.

त्यानंतर बॉडी शॉर्ट, म्हणजे वाइंडिंगचा करंट डब्यात उतरतो का ते. तांब्याच्या नळीवरचा रंग थोडा खरवडून एक प्रोब तिथे आणि दुसरा एकेका पिनेवर. साध्या मल्टिमीटरवर काहीही कंटिन्युइटी आली तर कॉम्प्रेसर गेला. काही आली नाही तरी ५०० व्होल्टच्या मेगरने, म्हणजे इन्सुलेशन तपासण्याच्या मीटरने, खात्री करावी. दोन मेगओहमच्या खाली असेल तर मी तो फ्रिज घरात चालवायला देणार नाही. मात्र गॅस काढून व्हॅक्युम केलेल्या सिस्टिमवर मेगर कधीही लावू नये आणि कॉम्प्रेसरलाही लाइट देऊ नये. व्हॅक्युममध्ये आतल्या टर्मिनलवर ठिणगी उडून चांगलं वाइंडिंग मरतं.

सगळं जोडून क्लॅम्प मीटर फक्त एका वायरभोवती धरा आणि प्लग लावा. आवाज नाही आणि करंट शून्य, तर सर्किट कुठेतरी उघडं आहे: थर्मोस्टॅट, ओएलपी, लग किंवा वाइंडिंग. क्षणभर मोठा आकडा आणि मग एकाच्या आसपास स्थिर, तर सगळं ठीक. चालू होऊनही दोन अँपिअरच्या वर अडकून राहत असेल, तर पीटीसी स्टार्ट वाइंडिंगला सोडत नाहीये किंवा कंडेन्सरवर धूळ आणि चुलीच्या धुराचा चिकट थर बसलाय. मागची जाळी ब्रशने साफ करा आणि भिंतीपासून चार बोटं तरी जागा सोडा. प्लग लावताच एमसीबी पडत असेल तर पुन्हा लावून बघू नका, ते बॉडी शॉर्टकडे बोट आहे. आणि कॉम्प्रेसर व्यवस्थित चालतो पण गारवा नाही, तर तो विषय गॅसचा किंवा व्हॉल्व्हचा, लाइटचा नाही.

कॉम्प्रेसर खरंच गेला असं केव्हा म्हणायचं? वीस मिनिटं थंड ठेवल्यावर, पिनांवर सुरू होण्याच्या क्षणी २०० च्या वर व्होल्ट असताना, योग्य नंबरच्या नव्या रिलेवरही तो सहा-आठ अँपिअर ओढून घुरघुरत असेल, तर आतून जाम. किंवा बेरीज जुळत नसेल, किंवा बॉडी शॉर्ट असेल. यातलं एक तरी हातात असल्याशिवाय ‘बदला’ हा शब्द उच्चारू नये असं माझं ठाम मत आहे. कोल्हापूरच्या उद्यमनगरात पंपाची मोटर रिवाइंड करून उत्तम मिळते, पण फ्रिजचा सीलबंद डबा कापून रिवाइंड करण्याचा सल्ला मी देणार नाही. आत ओल आणि कचरा शिरला की तो फार टिकत नाही.

तुमचा फ्रिज साधा आहे म्हणून वरचं सगळं लागू पडतं. इन्व्हर्टर कॉम्प्रेसरचा, म्हणजे मोटरचा वेग इलेक्ट्रॉनिक बोर्ड ठरवतो असा, असता तर गोष्ट वेगळी. त्याच्या तिन्ही पिनांमधली वाचनं सारखी येतात, त्याला रिले नसतो, आणि त्याला थेट २३० व्होल्ट दिले तर तो तिथेच संपतो. त्याच्या बोर्डावरच्या कॅपॅसिटरमध्ये प्लग काढल्यावरही सव्वातीनशे व्होल्ट डीसी काही वेळ राहतात. पाच मिनिटं थांबून, मोजून मगच हात घालायचा. टायमर असलेल्या फ्रॉस्ट-फ्रीमध्ये, म्हणजे बर्फ आपोआप वितळवणाऱ्या फ्रिजमध्ये, कॉम्प्रेसर गप्प असेल, तर आधी टायमर डिफ्रॉस्टवर अडकलाय का ते बघा. त्याचा दांडा स्क्रूड्रायव्हरने घड्याळाच्या दिशेने हळू फिरवला आणि टक होऊन कॉम्प्रेसर सुरू झाला, तर दोष टायमरचा.

पंचगंगेच्या काठी असल्यामुळे एक गोष्ट वेगळी सांगायला हवी. २०१९ आणि २०२१ च्या पुरात भिजलेले बरेच फ्रिज घाईने लाइट लावल्यामुळे गेले. कॉम्प्रेसरचा डबा सीलबंद असतो, पुराचं पाणी आत जात नाही. पण पिनांभोवती गाळ बसतो, आणि ओला गाळ करंट वाहून नेतो. रिले, ओएलपी, थर्मोस्टॅट काढून टाका, पिना स्वच्छ पाण्याने आणि मग कॉन्टॅक्ट क्लीनरने धुवा, दोन-तीन दिवस वाळू द्या, मेगर करा, नवा रिले-ओएलपी घाला. भिंतींमधल्या फोममध्ये पाणी मुरलं असेल तर मात्र त्या फ्रिजवर खर्च करू नका. तो गारवा धरणार नाही, आणि आतल्या वायरींना ओल लागून पुढे शॉक बसण्याचा धोका राहतो.

कव्हर उघडण्याआधी मागच्या प्लेटवर गॅस कोणता ते वाचा. आर-६००ए असेल तर तो ज्वलनशील असतो. खिडक्या उघड्या, चूल आणि गॅस बंद, आणि नळीला ब्लो लॅम्प लावण्याचा अधिकार फक्त त्या गॅसचं काम येणाऱ्यालाच. अशा कॉम्प्रेसरवर कॉन्टॅक्टची ठिणगी पडणारा जुना कॉइल रिले बसवू नका, आणि पिनांवर वायर टेकवून ‘धक्का देऊन’ चालू करण्याचा जुना प्रयोगही करू नका.

तुमच्या बाबतीत क्रम असा ठेवा. आज संध्याकाळी, मोटारी चालू असताना, बोर्डावर सुरू होतानाचं वाचन घ्या. उद्या पहाटे तेच पुन्हा घ्या. संध्याकाळी १८५ आणि पहाटे २१५ असं काही आलं, तर मिस्त्रींना परत बोलवायची गरज नाही. तीन दिवस सकाळ-संध्याकाळ बोर्डावरचे आकडे वेळेसह वहीत लिहा आणि १९१२ वर महावितरणकडे तक्रार नोंदवून क्रमांक घ्या. लघुदाबाच्या ग्राहकाला २३० च्या सहा टक्के खाली-वर, म्हणजे साधारण २१६ ते २४४ व्होल्ट मिळायला हवेत. खांबावरचा किंवा मीटरच्या आधीचा जोड त्यांच्याच माणसाने करायचा, तुम्ही शिडी लावू नका. तोवर संध्याकाळी, व्होल्टेज बसलेल्या वेळात, फ्रिजचा प्लग काढून ठेवा आणि दार उघडू नका. भरलेला फ्रिज तीन-चार तास गारवा धरतो, आणि तेवढ्या वेळात कॉम्प्रेसरवरचे पन्नासेक फुकटचे हिसके टळतात. दोन्ही वेळा २१५ च्या आसपास आले, तर रिले काढून कानाजवळ हलवा.